तिकीट छोटं असेल, पण कलम कोणतं ते बघा

व्हर्जिनियात वेगासाठी मुलाला तिकीट मिळालं, कोर्टात जाऊन दंडही भरला, आता मेडिकलच्या अर्जात ते लिहायचं का, असं तुम्ही विचारलंय. वर दोघांनी ‘साधं तिकीट आहे, सोडून द्या’ म्हटलंय. मला हा सल्ला धोक्याचा वाटतो.

व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा ताशी 20 मैल किंवा जास्त, किंवा मर्यादा काहीही असो, 85 च्या वर गाडी नेली, की ते रेकलेस (बेदरकार) ड्रायव्हिंग ठरतं. म्हणजे क्लास 1 मिसडिमीनर. तो फौजदारी गुन्हाच, दंडाची पावती नव्हे. एएमकॅसच्या (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांसाठीच्या सामाईक) अर्जात मिसडिमीनरबद्दल थेट प्रश्न असतो. म्हणून आधी कोर्टाच्या अंतिम निकालाची प्रत मागवा. वकिलाने आरोप कमी करून ‘इम्प्रॉपर ड्रायव्हिंग’वर आणला असेल, तर ते फक्त ट्रॅफिक इन्फ्रॅक्शन, म्हणजे वाहतुकीचा साधा नियमभंग, आणि उत्तर बदलतं. जॉर्जियात तर वेगाचं नेहमीचं तिकीटसुद्धा मिसडिमीनरमध्ये मोडतं, त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा अनुभव इथे लावू नका.

शिवाय सेकंडरी अर्जांतले, म्हणजे सामाईक अर्जानंतर प्रत्येक कॉलेज स्वतः मागवतं त्या अर्जांतले, प्रश्न वेगवेगळे असतात. प्रत्येकाची शब्दरचना नीट वाचा, शंका आली तर अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

लिहायचं ठरलं तर चार ओळी पुरेत: तारीख, काय घडलं, निकाल काय, त्यानंतर काय बदललं. पोलिसाला दोष देत बसू नये. प्रवेश मिळाल्यावर पार्श्वभूमी तपासणी होते, आणि लपवलेलं तिथे निघालं तर मुलाच्या प्रामाणिकपणावरच प्रश्न येईल. एवढ्या मेहनतीनंतर तसं होऊ नये, असं मनापासून वाटतं.