जिन्यातली पट्टी: काढायची की ठेवायची?

सुधीर ३०१ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. पेंटर पहिल्या मजल्यापर्यंत आलाय. वळणावरच्या भिंतीला ती आकडेवाली प्लॅस्टिकची पट्टी आहे ना, आणि तिच्या वर आरशासारखं बारकं काहीतरी. पेंटर विचारतोय, काढू की भोवतीने रंग मारू? पाचच्या आत सांगा. नंतर कुरकुर ऐकणार नाही.

निखिल ३०२: ते नक्की काय आहे? मला वाटायचं बंद पडलेला सीसीटीव्ही.

मंदाकाकू ४०१: काढून टाक रे सुधीर. सात वर्षं बघतेय. तिच्याखाली कोळ्याने जाळं केलंय. एवढा पैसा भरून रंग लावतोय तर भिंत तरी धड दिसू दे.

नाना १०२: हात लावायचा नाही.

नाना १०२: कोणीही.

रोहन ३०३: झालं. नाना ऑनलाइन आले 🙏

केतकी २०३: निखिल, ते मेट्रो ३चं आहे, आपल्या माहीमखालून जाते ती भुयारी. खालून बोगदा जायच्या आधी आजूबाजूच्या सगळ्या इमारतींची पाहणी झाली होती. प्रत्येक भेगेचा फोटो, शेजारी खडूने नंबर. आपल्या जिन्यातली भेग जुनीच, पण लांब होती म्हणून तिच्यावर ती पट्टी लावली. तिचे दोन तुकडे असतात. एक भेगेच्या अलीकडे चिकटवलेला, एक पलीकडे. वरच्या पारदर्शक तुकड्यावर लाल फुली, खालच्यावर मिलिमीटरच्या चौकटी. भेग हलली की फुली सरकते. वरचा आरसा म्हणजे प्रिझम. समोर यंत्र मांडून त्यावर नेम धरायचे, इमारत खचली की कलली ते कळायला.

निखिल ३०२: म्हणजे आपली बिल्डिंग हलली होती????

केतकी २०३: थोडी तर प्रत्येकच हलते. किती हलली एवढाच प्रश्न असतो.

नाना १०२: दीड मिलिमीटर. माझ्याकडे लिहिलेलं आहे. दूध घ्यायला उतरायचो तेव्हा रोज सकाळी वाचायचो. मेट्रोचा मुलगा आठवड्यातून एकदा यायचा, पुढे पुढे पंधरा दिवसांनी. मी रोज. दोन वह्या झाल्या. मशीन खालून गेलं त्या आठवड्यात फुली अर्ध्यावरून एकवर आली. तीन दिवसांनी दीडवर. नंतर हललेली नाही. हिला सांगितलं नव्हतं तेव्हा, नाहीतर पुण्याला निघून गेली असती लेकीकडे.

अस्मितावहिनी २०१: नाना, काकूंना माहीत होतं. त्या दुपारी जाऊन बघायच्या. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या.

नाना १०२: असं होय.

रोहन ३०३: 😂

झेरॉक्सकाका (तळमजला): पट्टीचं राहू दे, माझ्या दुकानाचं काय ते बोला. २०१७ला रस्त्यात पत्रे ठोकले. तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी आहे की गेलो ते कळेना. पत्र्यांच्या आणि दुकानाच्या मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. कॉलेजची पोरं सगळी पुढच्या चौकात जायला लागली ती तिकडचीच झाली. स्टेशन उघडलं म्हणून परत नाही आली.

रोहन ३०३: काका, पण आता स्टेशनातून बाहेर पडणारी गर्दी तुमच्याच दारावरून जाते की.

झेरॉक्सकाका (तळमजला): जाते. तिकीट मोबाइलवर, आधार मोबाइलवर, बायोडाटा मोबाइलवर. झेरॉक्स कोण काढतो? आता गार पाणी ठेवायला लागलोय, ते खपतं.

निखिल ३०२: मी मेट्रो बघूनच इथे घर घेतलं भाड्याने. ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. शितलादेवी स्टेशनला चढलो की मध्ये फक्त धारावी, की उतरलो. आधी वांद्र्याला लोकलने जाऊन शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहायचो, घामाघूम.

मंदाकाकू ४०१: तुला आयतं मिळालं बाळा. रात्री दोन वाजता ठण ठण ठण सुरू व्हायचं ते तू ऐकलं नाहीस. कपाटातल्या काचेच्या बरण्या एकमेकींना लागून वाजायच्या. मी त्यांच्यामध्ये ह्यांचे जुने मोजे खुपसून ठेवले होते.

सुधीर ३०१ (सेक्रेटरी): तक्रारीची पत्रं मीच लिहायचो. साइटवरचा माणूस सही करून घ्यायचा, गोड बोलायचा, रात्री परत तेच. तिकडे दक्षिण मुंबईतले लोक २०१७ला हायकोर्टात गेले, तेव्हा कुठे त्यांच्याकडे रात्री दहा ते सकाळी सहा काम बंद ठेवायचा हुकूम झाला. आपण कोर्टात जायचं का यावर मीटिंग घेतली होती. कोरम झाला नाही.

केतकी २०३: ठणठण बोगद्याचं नव्हतं काकू, स्टेशनच्या खड्ड्याचं होतं. खड्ड्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून भोवतीने काँक्रीटचे खांब उतरवतात, त्याच्या यंत्राचं. बोगद्याचं मशीन खालून गेलं ते बहुतेकांना कळलंसुद्धा नाही. माहीमलाच नया नगरला खणलेल्या विहिरीसारख्या खड्ड्यातून उतरवली होती ती मशीनं, तिथून दादरच्या दिशेने निघाली. नद्यांची नावं दिली होती सगळ्यांना. आपल्या बाजूची कृष्णा. बाकी वैतरणा, तानसा, सूर्या, गोदावरी अशी एकूण १७ मशीनं शहराखाली एकाच वेळी कुठे ना कुठे खणत होती.

अस्मितावहिनी २०१: कृष्णा शांत गेली म्हणायची.

केतकी २०३: हो ना. पुढे फिरणारं पातं खडक कुरतडतं, मागोमाग काँक्रीटच्या तयार फाका लावून कडं पुरं करतात, मग कडं आणि खडक यांच्यातल्या पोकळीत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबतात. ती पोकळी वेळेत भरली नाही तर वरची जमीन बसते. नानांचं एक मिलिमीटर बहुतेक तेच.

नाना १०२: हे तेव्हा कोणी असं सांगितलं असतं तर मी एक वही कमी लिहिली असती.

रोहन ३०३: माझं म्हणणं वेगळंय. त्रास झाला, कबूल. पण मी सीप्झला जातो, अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत. माहीमहून अंधेरी, अंधेरीला पूल चढून पूर्वेला, मग बस नाहीतर रिक्षा. पावसाळ्यात दीड तास. आता एकच गाडी, बसायला जागा नसली तरी श्वास घ्यायला असते. लोकलच्या दारात लटकून काढलेली आठ वर्षं आठवली की मला तुमचे पत्रे माफ आहेत.

झेरॉक्सकाका (तळमजला): पत्रे माझ्या दुकानासमोर होते. माफ मी करायचे.

रोहन ३०३: बरोबर. सॉरी काका.

सुधीर ३०१ (सेक्रेटरी): खर्चही बघा. २३,१३६ कोटींचा अंदाज होता, गेला ३७ हजार कोटींच्या वर. त्यातलं मोठं कर्ज जायका या जपानच्या सरकारी संस्थेचं. आणि एका दमात कुठे उघडली? ऑक्टोबर २०२४ला आरे ते बीकेसी. मे २०२५ला तिथून आचार्य अत्रे चौक, त्यात आपलं शितलादेवी. आणि ८ ऑक्टोबर २०२५ला कफ परेडपर्यंतचं उद्घाटन, दुसऱ्या दिवसापासून लोकांना. आधी २०२१ म्हणत होते.

झेरॉक्सकाका (तळमजला): उशीर कारशेडमुळे झाला, गाड्या ठेवायच्या जागेमुळे. ज्यांनी ती आरेतून कांजूरमार्गला न्यायची ठरवली त्यांना विचारा.

रोहन ३०३: आणि ज्यांनी २०१९ला रातोरात दोन हजारांवर झाडं कापली त्यांना नको विचारायला?

झेरॉक्सकाका (तळमजला): तूच रोज तिथपर्यंत जाणारी गाडी धरतोस ना?

*हा मेसेज डिलीट केला आहे*

*हा मेसेज डिलीट केला आहे*

सुधीर ३०१ (सेक्रेटरी): ग्रुपचा नियम क्र. ३. पक्ष, नेते, देव यांच्यावर चर्चा नाही. पट्टीवर बोला.

मंदाकाकू ४०१: मी वाचलं डिलीट व्हायच्या आधी 😄

अस्मितावहिनी २०१: आरेचं सगळे बोलतात, गिरगावचं कोणी बोलत नाही. माझी मावशी तिकडची. चाळ मेट्रोच्या जागेत गेली. त्याच भागात नवीन घर देणार हे कबूल झालं म्हणून लोक उठले, पण तोपर्यंत भाड्याने लांब राहायचं. शेजारच्या तिघी तीन उपनगरांत गेल्या. मावशी म्हणायची, घर देतील गं, पण दुपारी वाटीभर साखर मागायला जाऊ कुणाकडे? गेल्या महिन्यात मी तिला गिरगाव स्टेशन दाखवायला नेलं. सरकत्या जिन्यावर पाय ठेवेना. म्हणाली, आमचा नळ इथेच कुठेतरी होता.

मंदाकाकू ४०१: अगंबाई.

नाना १०२: गिरगावात वरून खणायला जागाच नव्हती. काळबादेवीलाही नाही. दाटीवाटीच्या जुन्या इमारती. तिथे स्टेशनचा बराच भाग आतल्या आत बोगद्यासारखा कोरून काढला. पेपरातली कात्रणं आहेत माझ्याकडे.

निखिल ३०२: मला एक भीती वाटते. २०२५च्या मेमध्ये ते पाणी शिरलं होतं ना स्टेशनात? व्हिडिओ बघितला होता.

रोहन ३०३: २६ मे. आचार्य अत्रे चौक. उघडून जेमतेम सोळा दिवस झाले होते. तिथलं एक प्रवेशद्वार अजून बांधून व्हायचं होतं, तिथली तात्पुरती भिंत पाण्याने ढासळली. मी त्या दिवशी ऑफिसला गेलोच नाही.

मंदाकाकू ४०१: मी जाते बाई. मंगळवारी सिद्धिविनायक. मधे एक दादर, की आलंच. दादर म्हणजे आपलं रेल्वेचं दादर नाही हं, सेनाभवनाकडचं. पहिल्या दिवशी मी लोकल पकडायची म्हणून तिथे उतरले आणि चालून चालून पायाचे तुकडे झाले. बाकी स्टेशन झकास. लिफ्टने जमिनीखाली वीस-बावीस मीटर उतरते, लिफ्टने वर येते. आणि मग घरी येऊन चार मजले चढते.

सुधीर ३०१ (सेक्रेटरी): लिफ्टचा विषय एजीएमला, वार्षिक सभेत घेऊ काकू.

मंदाकाकू ४०१: मेट्रोच्याही आधीपासून घेतोयस.

निखिल ३०२: खाली गेलं की माझा फोन मात्र मुका होतो. तिकीट रस्त्यावरच काढून ठेवतो.

मंदाकाकू ४०१: तेवढा वेळ मला सूनबाईचा फोन येत नाही. चांगलंय.

नाना १०२: आणि आता गाडी जाते ती जाणवते का कुणाला? मी पहिल्या मजल्यावर. जमिनीला कान लावून बघितलं. काही नाही.

केतकी २०३: नाना!! या वयात जमिनीला कान? रूळ थेट काँक्रीटवर नाहीत, रुळाखालच्या प्रत्येक ठोकळ्याला खालून रबराचा बूट घातलाय. हादरा तिथेच मुरतो.

सुधीर ३०१ (सेक्रेटरी): मंडळी, साडेचार वाजले. काढायची: मंदाकाकू. ठेवायची: नाना. बाकीचे?

केतकी २०३: ठेवायची. भावनेसाठी नाही, कामासाठी. उद्या रिडेव्हलपमेंटला गेलो तर बोगद्याच्या इतक्या जवळ नवीन पाया खणायला मेट्रोची ना-हरकत लागणार. मग इमारतीचा इतिहास मागतील, भेगा कधीच्या, किती. आणि रिडेव्हलपमेंट नाही झाली तरी कधी भेग वाढली तर आधी दीडच होती हे दाखवणार कशावरून? पाहणीच्या अहवालाची प्रत आपल्याकडे आहे का सुधीरकाका?

सुधीर ३०१ (सेक्रेटरी): मागितली होती. देतो म्हणाले. आली नाही.

केतकी २०३: मग आपल्याकडे फक्त पट्टी आणि नानांच्या वह्या.

नाना १०२: तारीखवार आहेत. पावसाचा आणि पाणी न आल्याचा कॉलमसुद्धा आहे.

केतकी २०३: सगळ्या स्कॅन करून सोसायटीच्या फाइलला लावूया. काका, तुमच्याकडे होतील?

झेरॉक्सकाका (तळमजला): होतील. पानाला दोन रुपये. सोसायटीच्या नावाने बिल देतो.

रोहन ३०३: काका, मेट्रोमुळे आलेलं पहिलं गिऱ्हाईक 👏

झेरॉक्सकाका (तळमजला): किती पानं आहेत नाना?

नाना १०२: ३८४.

झेरॉक्सकाका (तळमजला): बरं. दीड रुपया लावतो.

सुधीर ३०१ (सेक्रेटरी): ठरलं तर. पट्टी राहील, भोवतीने चिकटपट्टी लावून रंगवायला सांगतो. खाली चाललोय.

सुधीर ३०१ (सेक्रेटरी): मंडळी. जरा गडबड झाली आहे.

सुधीर ३०१ (सेक्रेटरी): पेंटर म्हणतो तुम्ही बोलेनात म्हणून मारला. पट्टीवरून प्रायमरचा एक हात गेलाय. आरशावरूनही.

नाना १०२: काय???

केतकी २०३: कोणी खरवडू नका! पट्टी सुटली तर फुलीची जागा गेली. पाण्याचा प्रायमर आहे ना? मी ओलं फडकं घेऊन येते.

अस्मितावहिनी २०१: मी बादली आणते. नाना, तुम्ही ओल्या जिन्यात येऊ नका.

मंदाकाकू ४०१: नाना निघाले. वरून दिसतायत मला.

निखिल ३०२: टॉर्च हवाय का?

*केतकी २०३ ने फोटो पाठवला*

केतकी २०३: निघाला. कडेला थोडा राहिलाय, पण फुली दिसते.

नाना १०२: दीड. मी चष्मा लावून दोनदा बघितलं. आजची तारीख टाकतो.

मंदाकाकू ४०१: आता खाली एवढे जण जमलाच आहात, तर माझी दुधाची पिशवी वर घेऊन या कोणीतरी. कठड्याला हात लावू नका, ओला आहे.