आपण कुणावर जळलो? (अनुभव धागा)

गेल्या आठवड्यात मावसबहीण राहायला आली होती. जेवताना दोनदा तिचा फोन वाजला आणि दोन्ही वेळा तिने कॅमेरा फिरवून आमची ताटं दाखवली. साखरपुड्याला दोनच महिने झालेत. "त्याला काळजी वाटते गं," म्हणाली. मला रात्री झोप लागली नाही, कारण विशीत मीही हेच करायचे. पीसीओवरून त्याच्या रूमवर फोन लावायचा, तो 'हॅलो' म्हणाला की ठेवून द्यायचा.

आपल्यावर कुणी संशय घेतला हे आपण पुष्कळ सांगतो. आपण स्वतः कुणावर जळलो, ते लिहाल? नावं नकोत, ओळख पटेल असंही काही नको.

अबोली
माझा नाही, आईचा अनुभव लिहिते. बाबा लालबागला गिरणीत, आई आम्हा पोरांना घेऊन रत्नागिरीकडच्या गावी. बाबा वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. एका गणपतीत त्यांच्या सदऱ्याची वरची दोन बटणं निळ्या दोऱ्याने लावलेली दिसली, बाकीची पांढऱ्या. त्या रात्री आईने कंदिलाशी बसून ती दोन्ही बटणं उसवली, पांढऱ्या दोऱ्याने परत लावली आणि निळा दोरा चुलीत टाकला. बाबांना एका शब्दाने विचारलं नाही. ते जेवायचे त्या खानावळीतल्या बाई सगळ्याच मेंबरांची बटणं लावून द्यायच्या, हे आम्हाला फार नंतर कळलं.
१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा गावी आले ते कायमचेच. पैशाची इतकी ओढाताण की काही दिवस नुसती पेज. बाबा ओटीवर गप्प बसून असायचे. म्हातारपणी आई मला म्हणाली, "सगळा गाव रडत होता आणि मला आतून बरं वाटत होतं. माणूस घरी आला म्हणून. त्याची लाज अजून जात नाही."

वाटसरू
२०१४ मध्ये व्हॉट्सअॅपवर निळ्या टिक्स आल्या तेव्हा आमचं लग्न नवीन होतं. ती बेडरूममध्ये, मी हॉलमध्ये, आणि ती ऑनलाइन आहे का हे मी फोनवर बघत बसायचो. तिच्या ऑफिसातल्या एकाची वेळ आणि हिची वेळ जुळते का, ते वहीत लिहून ठेवायचो. महिनाभर. ती वही तिला सापडली. तिच्या वडिलांच्या किडन्या निकामी होत होत्या आणि त्या सहकाऱ्याची आई डायलिसिसवर होती, त्याबद्दल ती दोघं बोलत होती. ती भांडली नाही. वही मिटून परत माझ्या हातात दिली. ते दिलं जाणं मला अजून आठवतं, तिचा चेहरा आठवत नाही.

रातराणी
मी जरा वेगळं लिहिते. मला वाटतं, थोडा मत्सर हवाच. आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली, नवऱ्याला कधी काही वाटलंच नाही. कुणाबरोबर गेले, कधी आले, "बरं" एवढंच. पारिजातक आपल्या अंगणात आणि फुलं रुक्मिणीच्या दारात, म्हणून सत्यभामा निदान रुसली तरी. माझ्या अंगणात कुणी फुलं मोजलीच नाहीत.

निनावी
आम्ही दोघं पुरुष. सहा वर्षं एकत्र होतो. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल लागला, आमचं नातं गुन्हा राहिलं नाही, तेव्हा भर रस्त्यात मिठी मारली होती. पुढच्याच वर्षी त्याच्या घरच्यांनी लग्न ठरवलं आणि त्याला नाही म्हणता आलं नाही. मी 'जवळचा मित्र' म्हणून गेलो. त्याच्या काकांनी अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात दिलं. अलीकडे तो, पलीकडे ती. उंच धरून हात भरून आले होते. मी तिच्यावर जळत होतो, आणि तिचा काडीचाही दोष नाही हेही कळत होतं. तिला काहीच माहीत नव्हतं. नवऱ्या मुलाचा मित्र म्हणून ती माझ्याकडे बघून हसलीसुद्धा.
नंतर त्याचे फोन येत राहिले. मी घेतले नाहीत. त्याला वाटून घेणं मला जमलं नसतं, आणि तिला फसवणं तर नाहीच. मंगलाष्टकं संपली तेव्हा अंतरपाट मीच बाजूला केला होता.