क्रोम सोडून दुसरा ब्राउझर वापरून पाहिलात? नाशिककरांनो, अनुभव लिहा

माझं ऑफिस कॅनडा कॉर्नरला, काम कर सल्लागाराचं. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या (जीएसटी रिटर्नच्या मुदती) अलीकडे-पलीकडे स्क्रीनवर इतके टॅब साचतात की नावं दिसेनाशी होतात, नुसती बारकी चिन्हं उरतात. गेल्या वर्षभरात ओळखीतल्या बऱ्याच जणांनी ब्राउझर बदलला, म्हणून हा धागा. फीचरची यादी नको, ती कंपनीच्या पानावर मिळते. तुमच्या रोजच्या कामात काय सोपं झालं आणि काय अडलं, तेवढं सांगा.

सुरुवात मीच करते. मी फायरफॉक्सवर गेले ती एकाच गोष्टीसाठी: कंटेनर, म्हणजे एकाच ब्राउझरात लॉगिनचे वेगवेगळे कप्पे. आमच्याकडे एकाच पोर्टलवर पाच-सात पार्ट्यांची (म्हणजे ग्राहकांची) लॉगिन चालू ठेवावी लागतात. पण साइट कुकीवरून (ब्राउझरात साठवलेल्या छोट्या खुणेच्या नोंदीवरून) माणूस ओळखते, त्यामुळे एका ब्राउझरमध्ये एका साइटला एका वेळी एकच पार्टी. मग एक क्रोममध्ये, दुसरी इन्कॉग्निटोत, तिसरी एजमध्ये. इन्कॉग्निटोच्या दहा खिडक्या उघडल्या तरी त्या सगळ्या मिळून एकच सेशन असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. ऑफिसातली मुलगी दिवसभर विचारायची, "मॅडम, हार्डवेअरवाले कुठल्या ब्राउझरात आहेत?"

मोझिलाचंच 'मल्टी-अकाउंट कंटेनर्स' हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची जादा सोय) टाकलं की प्रत्येक कंटेनरच्या कुकी वेगळ्या राहतात. टॅबवर रंगीत पट्टी येते. रंग आठच आहेत आणि पार्ट्या जास्त, म्हणून आम्ही रंग माणसांना वाटले: हिरवा माझा, केशरी तिचा. पार्टीचं नाव कंटेनरला दिलेलं असतं, ते ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला दिसतं. चुकीच्या पार्टीचं चलन निघायची भीती त्यामुळे गेली. डिजिटल सहीच्या टोकनचं काम मात्र आम्ही अजून जुन्याच ब्राउझरमध्ये करतो. चालतंय त्याला कशाला हात लावा!

कांदेनवमी
ताई, धागा बरा काढलात. मी पंचवटीत राहतो, पिंपळगावला कांद्याच्या व्यापाऱ्याकडे ऑफिस सांभाळतो. माझा ब्राउझर विवाल्डी. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एक, यॉन फॉन टेट्झनर, यांनी तो काढला. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन (पान दाखवणारा आतला भाग) सोडून क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच मुक्त स्रोत पाया, धरला तेव्हा जुन्या ऑपेरातल्या खूप सोयी गेल्या. त्या परत आणायच्या म्हणून हा खटाटोप. पहिली चाचणी आवृत्ती २०१५ ची, १.० आली २०१६ मध्ये. मी जुना ऑपेरावाला, त्यामुळे माझं मत थोडं झुकलेलं आहे, हे धरून चाला.

आमचं सकाळचं काम असं. कंट्रोल दाबून तीन टॅब निवडायचे, राइट क्लिक करून 'टाइल' म्हणायचं, की तिन्ही पानं एकाच खिडकीत शेजारी-शेजारी बसतात. एकात पणन मंडळाच्या साइटवरचे भाव, दुसऱ्यात आमचं आवक-जावक शीट, तिसऱ्यात न्हावाशेवा बंदराला निघालेल्या गाड्यांचं जीपीएस पान. त्या जीपीएसच्या टॅबला ठरावीक वेळाने आपोआप रिफ्रेश व्हायचं लावून ठेवलंय. डाव्या कडेच्या पॅनेलमध्ये व्हॉट्सॲप. लिलावातून माणूस फोटो टाकतो, शेठ मागून विचारतात "काय निघाला?", आणि मला एकही टॅब बदलावा लागत नाही.

दुसरी सवय माउस जेश्चरची. उजवं बटण दाबून खाली ओढलं की नवा टॅब. खाली नेऊन उजवीकडे वळवलं, म्हणजे इंग्रजी एलसारखं, की टॅब बंद. आता घरच्या कॉम्प्युटरवरही हात तसाच फिरतो आणि काहीच होत नाही, मुलं हसतात.

तोटा सांगायचा तर विवाल्डीची वरची सगळी चौकट, बटणं-बिटणं, वेबपानासारखीच बांधलेली आहे. म्हणून चार जीबी रॅमच्या मशीनवर तो अंगावर येतो. मागचे टॅब 'हायबरनेट' करायची, म्हणजे झोपवून मेमरी मोकळी करायची, सोय आहे, ती वापरा.

सातपूरकर
मला एक कळत नाही, एवढं सगळं कशाला? क्रोममध्ये टॅब ग्रुप आहेत, पिन आहे. ईआरपी (कंपनीचं हिशेब-साठ्याचं सॉफ्टवेअर), मेल आणि यूट्यूब, झालं आमचं काम. शिवाय विवाल्डी, ब्रेव्ह, एज हे सगळे आतून क्रोमियमच ना?

कांदेनवमी
इंजिन तेच, दादा. गाडीचं इंजिन एक असलं तरी सीट कुणाची ॲडजस्ट होते, हा मुद्दा आहे. पण तुमचं त्या तीन गोष्टींत भागत असेल तर खरंच बदलू नका.

निवृत्त मास्तर, गंगापूर रोड
मी उत्पादकता वगैरे जाणत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर स्क्रीनवरचं मराठी वाचणं जड जायला लागलं. पान झूम केलं की मजकूर बाहेर पळतो, इंग्रजी भलतंच मोठं होतं, देवनागरी तरीही दाटलेलीच. पुतण्याने फायरफॉक्स टाकून दिला. त्याच्या सेटिंगमध्ये फॉन्टच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये गेलं की लिपीनुसार फॉन्ट निवडता येतो. तिथे देवनागरी निवडून आकार वाढवला आणि किमान आकारही ठरवून टाकला. आता 'शुद्ध'मधला द्ध नीट सुटा दिसतो, त्यामुळे लोक किती ठिकाणी ध्द लिहितात तेही दिसायला लागलं. हा फायदा की तोटा, सांगता येत नाही.

बातमीच्या पानावर एफ-नाइन दाबतो. जाहिराती, हलणारी चित्रं सगळं बाजूला होऊन नुसता मजकूर उरतो. मेनूसुद्धा मराठीत करून घेता येतात.

पाथर्डी फाटा
मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, घरून काम. आधी आर्क हा ब्राउझर वापरायचो. टॅब डावीकडे उभे, कामाची आणि घरची 'स्पेस' वेगळी, एकदम आवडला होता. पण पुढे कंपनीने त्यात नवं काही घालायचं थांबवून 'डिया' या दुसऱ्या ब्राउझरवर लक्ष वळवलं. तेव्हा झेन या ब्राउझरवर आलो. तो फायरफॉक्सवर बांधलेला, मोफत आणि मुक्त स्रोत आहे. उभे टॅब, वर्कस्पेस, दोन पानं शेजारी, सगळं आहे. उभे टॅब तर आता मूळ फायरफॉक्समध्येही आलेत.

माझं मत कडवट वाटेल, पण सांगतो. मनासारखा सजवता येणारा ब्राउझर हा काम टाळायचा उत्तम मार्ग आहे. आमच्या टीममधला एक जण टॅबच्या कोपऱ्यांची गोलाई बदलण्यासाठी सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) लिहीत बसतो. स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, दाखवतोसुद्धा.

द्राक्षवाला, दिंडोरी
लॅपटॉपवाले बोलून झाले, आता फोनचं ऐका. ऑक्टोबर छाटणीनंतर ढग आले की डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीने आम्ही दर तासाला हवामान बघतो. बागेत रेंज एक-दोन काड्या. पान उघडायच्या आधी जाहिरात उघडते, तीही व्हिडिओवाली. अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन चालतात, त्यात जाहिराती अडवणारं 'यूब्लॉक ओरिजिन' टाकलं. डेटा वाचला ते सोडा, पान उघडतं हेच पुष्कळ. ॲड्रेस बार खाली घेता येतो, म्हणजे एका हातात फवारणीची नळी असली तरी अंगठा पुरतो. भावाने ब्रेव्ह घेतलाय, त्यात जाहिराती अडवायची सोय आतच असते, काही टाकावं लागत नाही. ज्याला सेटिंगचा कंटाळा त्याला तो बरा.

वाचनालयातली
मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. झोहो या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीचा 'उला' ब्राउझर वापरतेय. केंद्राच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये झोहोचा पहिला नंबर आला तेव्हा चालू घडामोडींत वाचला आणि टाकला. काम, वैयक्तिक, लहान मुलं असे वेगळे मोड आहेत. अभ्यासाला जो मोड वापरते त्यात मी यूट्यूबला लॉगिनच केलेलं नाही. एवढ्याने निम्मं भागतं!

ताई, एक विचारायचं होतं. क्रोममधले बुकमार्क आणि पासवर्ड दुसरीकडे नेताना काही हरवत नाही ना?

धागाकर्ती
बुकमार्क बहुतेक ब्राउझर पहिल्यांदा उघडताच स्वतः विचारून घेतात. पासवर्ड आपोआप आले नाहीत तर क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही फाइल (साध्या यादीची फाइल) काढून नव्यात इम्पोर्ट करायची. ती फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडली तरी सगळे पासवर्ड वाचता येतात. म्हणून काम झालं की लगेच पुसायची, रिसायकल बिनमधूनही. वाचनालयाच्या किंवा सायबरच्या मशीनवर तर हे करूच नकोस, घरी कर. आणि क्रोम लगेच काढू नकोस. माझ्याकडे एका बँकेचं नेटबँकिंग नव्या ब्राउझरात अजून नीट उघडत नाही, तेवढ्यापुरता तो ठेवलाय.