मदत हवी आहे: आईला मराठी सिनेमे कसे दाखवू?

नमस्कार मंडळी. १ मे २०२५ला आलेले ‘आता थांबायचं नाय!’ आणि ‘गुलकंद’ दोन्ही पाहिले. ‘गुलकंद’ ठीक, उत्तरार्ध जरा लांबला. पहिला मात्र मनात घर करून बसलाय! मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात. भरत जाधव अशा संयत भूमिकेत फार भावले.

आईला तो दाखवायचाच आहे. पण तिला कमी ऐकू येतं आणि इंग्रजी वाचता येत नाही. थिएटरात निम्मे संवाद मी कानात सांगते, मग आजूबाजूचे वळून बघतात आणि ती अवघडते.

मराठीतच सबटायटल असलेले सिनेमे कुठल्या अ‍ॅपवर मिळतील? कुणी श्रवणयंत्र ब्लूटूथने टीव्हीला जोडलंय का? संवाद स्पष्ट ऐकू येतात का? कृपया सांगा.