मदत हवी आहे: 'केहिमकर' आडनावाचा माग कसा काढू?

नमस्कार मंडळी. माझी आजी माहेरची केहिमकर, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. गाव अर्थातच अलिबागजवळचं किहीम. रोहेकर, पेणकर, नागावकर, दिवेकर यांच्यासारखंच गावावरून पडलेलं आडनाव. पण रोहेकर पुष्कळ भेटतात, केहिमकर फारच कमी. नाव काढलं की लोक "ते फुलपाखरांवाले आयझॅक केहिमकर का?" एवढंच विचारतात!

अडलंय ते असं. आजीच्या पितळी डब्यावर ठोक्याठोक्याने 'कीहीमकर' कोरलंय, तिच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र 'केहिमकर'. मग 'के' आला कुठून? गावाचाच जुना उच्चार तसा होता, की इंग्रजी स्पेलिंगवरून उलटा मराठीत आला? मला यातली दुसरी शक्यता खरी वाटते, पण पुरावा नाही.

शिवाय जुन्या पिढ्यांत शलोमजी, हसाजी अशी नुसती नावं. आडनाव नेमकं कधीपासून लिहायला लागले? मशीद बंदरच्या १७९६ च्या सिनेगॉगसारख्या (ज्यू प्रार्थनास्थळ) ठिकाणचे जुने लग्नाचे करारनामे (केतुबा) बघायला मिळतात का? किहीम-नवगाव भागातल्या कबरींवरचे मराठी लेख कुणी वाचलेत का?

१९४८ नंतर बरेच जण इस्राएलला गेले. लोद, दिमोना, अश्दोदकडे कुणी केहिमकर माहीत आहेत? हिब्रूत स्वर फारसे लिहीत नाहीत, त्यामुळे तिथल्या नोंदींत 'के' की 'की' ते कळतच नाही. तिकडचे लोक तोंडाने काय म्हणतात, तेवढं सांगितलंत तरी चालेल.