शिकारीचा हंगाम जवळ आला की हरणांना कळतं म्हणे!

सडेकर (धागाकर्ता):
रंकाळ्यावर बसलेलो असताना अमेरिकेहून आलेल्या मित्रानं विषय काढला, तो अजून मिटलेला नाही म्हणून इथे टाकतोय. तो पेनसिल्व्हेनियात असतो, लायसन काढून रीतसर शिकार करतो. तिकडे पांढऱ्या शेपटीचं हरीण. त्याचं म्हणणं, ऑगस्टभर रोज संध्याकाळी सोयाबीनच्या शेतात तेच नर घोळक्यानं चरताना दिसतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला धनुष्यबाणाचा हंगाम उघडतो, तोवर त्यातला एकही तिथे फिरकत नाही. "त्यांना तारीख कळते रे," इति मित्र.

मला हे साफ अमान्य आहे. दिवस लहान व्हायला लागला की नराच्या अंगात टेस्टोस्टेरॉन चढतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला शिंगांवरची मखमल (वाढत्या शिंगावरची मऊ कातडी) गळून पडते आणि उन्हाळाभर गुण्यागोविंदानं चरणारे नर एकमेकांच्या डोळ्यांत खुपायला लागतात. घोळका फुटतो, जो तो आपापल्या शरद-हिवाळी मुलखाला लागतो. नेमकं त्याच सुमाराला सोयाबीन पिवळं पडतं आणि रानात ओकची फळं गळायला लागतात. झाडाखाली बसल्या जागी पोट भरत असेल तर उघड्या शेतात तडमडायला कोण येईल? यात बंदुकीचा संबंध कुठे आला? जिथे शिकारच होत नाही तिथेही शरदात घोळके फुटतातच.

पुढचं बघा. नोव्हेंबरच्या मध्याला माज शिगेला पोचतो, तेव्हा हाच 'शहाणा' नर भरदिवसा मादीच्या वासावर रस्ते ओलांडत सुटतो आणि गाड्यांखाली येतो. तारीख कळत असती तर तेव्हाच दडून बसला असता. आणि गंमत म्हणजे पेनसिल्व्हेनियात बंदुकीचा हंगाम पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या) सोमवारी सुरू व्हायचा, २०१९ पासून तो शनिवारी आणला. हरणांना परिपत्रक पाठवलं होतं का?

विस्कॉन्सिन_व्हाया_बावडा:
सडेकर, मी मूळचा कसबा बावड्याचा, आता विस्कॉन्सिनात, आणि दर नोव्हेंबरला रानात असतो. आमच्याकडे बंदुकीचा हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून. तारीख कळते असं कुणी शहाणा म्हणत नाही, तुम्ही सोप्या मुद्द्याला खोडून मोकळे झालात.

हंगामाआधीचे दोन-तीन आठवडे रानात काय चालतं ते सांगतो. सहा-आठ महिने जिथे चिटपाखरू नव्हतं तिथे माणसं झाडांवर मचाणं बांधतात, नजरेआड येणाऱ्या फांद्या छाटतात, हरणांचे फोटो टिपायला रानात लावलेल्या कॅमेऱ्याचं कार्ड काढायला दर रविवारी त्याच पायवाटेनं जातात. शेजारच्या माळावर बंदुकांचा नेम जुळवायला बार काढतात. रस्त्याकडेला ट्रकांची रांग लागते. हरणाचं नाक काय असतं ते मी सांगायला नको. तुम्ही येऊन गेल्यावर कितीतरी वेळानं तिथे आलेली मादी बुटाच्या ठशापाशी थबकते, मान ताणते, एक पाय आपटते आणि आल्या वाटेनं परत जाते. हंगाम येतोय ही बातमी त्याला माणूसच देतो.

साउथ कॅरोलिनात नरांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून अभ्यास झालाय. नरांनी मुलूख सोडला नाही, फक्त मचाणांच्या आसपास दिवसा यायचं टाळलं, रात्री बिनधास्त आले. कॅनडात आल्बर्टामधल्या एल्कच्या (तिकडचं मोठं हरीण) माद्यांवरचा अभ्यास तर आणखी बोलका आहे. वय वाढेल तशी मादी कमी हिंडते, रस्त्यालगत जात नाही, दाट झाडी धरते. नऊ-दहा वर्षांपुढची मादी शिकाऱ्याला जवळपास सापडतच नाही. धनुष्यवाला आणि बंदूकवाला यांच्यापासून वाचायची तिची तऱ्हासुद्धा वेगळी. याला शिकणं नाही तर काय म्हणायचं?

सडेकर:
माद्या शिकतात हे मान्यच आहे, मी कुठे नाकारलं? पण तुमची सगळी उदाहरणं माणूस रानात शिरल्यानंतरची. मित्राचं शेत हंगामाच्या आधी, त्यानं पाऊलही टाकलं नव्हतं तेव्हा रिकामं झालं. घरच्या खिडकीतून दुर्बिणीनं बघायचा तो. आणि दुसरं, बहुतेक शिकारी रस्त्यापासून फार आत जातच नाहीत. मग आतल्या डोंगरातले घोळके कुणाच्या बुटाच्या वासानं फुटतात?

फडकरी:
अमेरिका ऱ्हाऊ दे तिकडं. आमच्यात या, राधानगरीच्या अंगाला. आमचं रान जंगलाला लागून हाय. भेकरू उसात कवा येतंय आणि कवा जातंय ते आमाला कॅलेंडरावर लिवून ठेवायला लागत न्हाई. उसाची तोड सुरू झाली, टोळी फडात शिरली, कोयता लागला की त्याचा आडोसा गेला. मग ते वरच्या झाडीत सरकतंय. त्याला शिकारीचा हंगाम म्हणायचं का कारखान्याचा?

आता माणूस वळखायचं म्हणाल तर सांगतो. शेतीची लाईट रात्रीची असती, मोटर चालू करायला बॅटरी घिऊन मी बांधानं जातोय. सांबर ओढ्याच्या काठाला उभं असतंय. माझी बॅटरी खाली, पायापुरती, चालीत हलत्याली. ते कान माझ्याकडं वळवतंय आणि उभंच ऱ्हातंय. पण रस्त्यावरनं कोण गाडीतनं झोत मारत आला, झोत झाडीवरनं हळूहळू सरकायला लागला, तर त्याच्या डोळ्यावर पडायच्या आधी सांबर पसार, दिसायचंच न्हाई. दोन्ही उजेडच की! तरी त्याला फरक कळतोय. मग बावड्याच्या भावाचं कसं खोटं म्हणायचं?

कलम_नऊ:
थोडं थांबा. महाराष्ट्रात शिकारीचा हंगाम असा काही प्रकार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे, फासकी लावणं हासुद्धा गुन्हाच. चर्चा अभ्यासाची आहे तोवर ठीक, पण कुठल्या ओढ्याला काय येतं ही माहिती उघड्यावर लिहू नये. फडकरी, गावाचं नाव टाकलं नाहीत ते बरं केलंत.

फडकरी:
गाव टाकायला मी काय येडा हाय?

तांबडा_रस्सा:
कायदेवाल्यांना एकदा गव्यानं तुडवलेला भात दाखवा. २०२१ च्या डिसेंबरात गवा पार कोल्हापूर शहराच्या तोंडाशी आला होता, विसरलात? अमेरिकेत हंगाम आहे म्हणून जनावर माणसाला बिचकून असतं. इकडं पण चार दिवस हंगाम ठेवा, बघा कसं माघारी जातंय ते.

विस्कॉन्सिन_व्हाया_बावडा:
हंगाम ठेवून हरीण शेतातून जात नाही हो. आमच्याकडे दर साल लाखो हरणं मारली जातात, तरी मका, सोयाबीन खातातच. फक्त दिवसा खायची ती रात्री खातात. तुमच्या भाताला त्यानं काय फायदा?

जुना_राजवाडा:
कोल्हापूरचा धागा आणि चित्त्यांची आठवण कुणाला नाही, कमाल आहे. संस्थानात पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार व्हायची, राजाराम महाराजांच्या काळापर्यंत हे चित्ते प्रसिद्ध होते. आता यातली खुबी बघा. डोळ्यावर पट्टी बांधलेला चित्ता बैलगाडीवर बसवून कळपाजवळ नेणं ही जुनी पद्धत. काळवीट पायी येणाऱ्या अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही, पण शेतकऱ्याची बैलगाडी रोजचीच, तिच्याकडे बघतही नाही. गाडी सरळ कळपावर न्यायची नाही, आपल्या वाटेनं चालल्यासारखी तिरकी न्यायची. पट्टी काढली की खेळ खलास. म्हणजे जनावराच्या डोक्यात धोक्याचं एक चित्र असतं. चित्र बदललं की फसतं. फडकऱ्यांच्या दोन बॅटऱ्यांचं कोडं इथेच सुटतं, आणि सडेकरांना हे मोडून काढता येणार नाही. तारखेचं सोडा, ऋतूचंही सोडा, शेवटी रोजची ओळखच कामाला येते.

पाणवठा:
बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला दाजीपूरच्या मचाणावर बसणाऱ्यांपैकी मी एक. सडेकरांच्या मांडणीत मला मोठं भोक दिसतं. पेनसिल्व्हेनियाचा हिशोब तुम्ही नकळत इकडे लावणार, तो लागत नाही. तिकडे जूनचा दिवस आणि डिसेंबरचा दिवस यात जवळजवळ सहा तासांचा फरक, आपल्याकडे जेमतेम दोन. त्यामुळे तिथे सगळे नर एकाच ठेक्यावर शिंगं गाळतात, माजावर येतात. आपलं चितळ घ्या, एकाच कळपात एकाची शिंगं पूर्ण, दुसऱ्याची मखमलीत, तिसरा बोडका. सांबराचा माज साधारण हिवाळ्यात. आणि भेकर तर एकटंदुकटंच, फुटायला घोळका हवा ना!

आपल्याकडे हालचाल ठरवतं पाणी. मार्च उलटला की वरचे झरे आटतात, सड्यावरचं गवत वाळतं, आणि सगळी जनावरं उरल्यासुरल्या पाणवठ्यांभोवती येतात. फासकीवालेही मुहूर्त साधतात तो तेव्हाच, कारण वाट ठरलेली असते. आता मला सांगा, मे महिन्यात सांबर अंधार पडल्याशिवाय पाण्यावर येत नाही, ते उन्हामुळे की माणसामुळे? मचाणावर बसून दिसतं एवढंच की ते येतं, काठाच्या झाडीत बराच वेळ नुसतं उभं राहतं, वारा घेतं, मग पाण्याला तोंड लावतं. दोन्ही कारणं एकाच वेळी हजर. तुम्ही एक उचलून दुसरं फेकून देताय. २०१८ साली एक मोठा आढावा आला होता, सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्राण्यांचा. माणूस जवळ असला की बहुतेक जण रात्रीकडे सरकतात, आणि त्यासाठी माणसानं बंदूकच आणायला हवी असं नाही, नुसतं फिरायला आला तरी पुरतं. तेव्हा शिकारी विरुद्ध ऋतू ही जोडीच मुळात अपुरी.

सडेकर:
पाणवठा, चितळाचा मुद्दा चोख आहे, पण तो माझ्या बाजूनंच जातो. जिथे दिवसाच्या लांबीत फरक कमी तिथे सामूहिक गायब होणंही नाही, बरोबर? म्हणजे तिकडचं शेत रिकामं होतं ते प्रकाशाच्या घड्याळानंच. जनावर कुठल्या वेळेला उघड्यावर येतं हे माणूस बदलवतो, ते मी नाकारत नाही. पण मित्राचा दावा वेळेचा नव्हता, जागेचा होता. ऑक्टोबरात नर नेमके कुठे गेले याचं उत्तर ओकच्या झाडाखाली आहे, आणि तिथे बसणाऱ्या शिकाऱ्याला ते दिसतातही.

राजवाडा, बैलगाडीचा दाखला मस्त, पण काळवीट बैलगाडीला भीत नाही यावरून त्याला हंगामाची चाहूल लागते हे कसं निघतं?

जुना_राजवाडा:
निघत नाही. मी तसं म्हटलेलंही नाही, परत वाचा.

तांबडा_रस्सा:
शाहू महाराजांनी शिकारीसाठी राखलेलं दाजीपूरचं रान १९५८ साली अभयारण्य झालं, आणि आता तिथल्या सांबराला कुठली बंदूक आठवत असेल? शिकलेलं विसरतात का नाही, हे कोण सांगणार?

पाणवठा:
राखीव रानातल्या बंदुका थांबल्या, चोरट्या कुठे थांबल्या? ठासणीच्या बंदुका आणि फासक्या अजून पकडल्या जातात. विसरायला संधी मिळालेलीच नाही.

विस्कॉन्सिन_व्हाया_बावडा:
सडेकर, तुमच्या मित्राला एक काम सांगा. जुलैत ओकच्या रानात आणि सोयाबीनच्या बांधावर मोबाइलवर फोटो पाठवणारे कॅमेरे लावायचे आणि डिसेंबरपर्यंत तिकडे फिरकायचंच नाही. शेजारच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या सरकारी रानातही तसेच दोन. दिवसाचे फोटो दोन्हीकडे एकाच आठवड्यात कमी झाले तर तुमचं खरं. सरकारी रानात आधी झाले तर माझं. हंगाम उघडण्याआधीच्या पंधरवड्याचे आकडे मात्र वेगळे काढा, नाहीतर पुन्हा माजाचा गोंधळ घालाल.

सडेकर:
सांगतो त्याला. सरकारी रानातले कॅमेरे लावायला जाणारा माणूससुद्धा वास सोडतो, तेव्हा ते लावल्यानंतरचे पहिले दोन आठवडे धरायचे नाहीत, ही माझी अट.

फडकरी:
ह्यो प्रयोग तिकडंच करा. आमच्यात कॅमेरा लावला तर हरणाच्या आधी कॅमेराच गायब हुईल.