मसाई हाराबद्दल मदत हवी आहे, लग्न शनिवारी आहे

आम्ही नैरोबीत असतो. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका मसाई (इथली एक जमात) सहकाऱ्याच्या आईने माझ्या मुलीला (वय 19, लग्न झालेलं नाही) स्वतः ओवलेला हार दिलाय आणि शनिवारी कजियाडोला त्यांच्याकडे लग्न आहे, तिथे तो घालायचाय. मोठी चपटी गोल चकती नाही, लांब सर आहेत, जवळजवळ सगळे निळे मणी, मधेमधे पांढरे, एका ठिकाणी गाठ जुन्या दोऱ्याने परत बांधलेली, म्हणजे बहुतेक त्यांच्या वापरातलाच असावा.

रंगांचे अर्थ माहीत आहेत, लाल म्हणजे शौर्य आणि रक्त, निळा आभाळ-पावसाचा, पांढरा दुधाचा, ते परत नकोत. अडचण अशी की निळ्या मण्यांचे लांब हार लग्न झालेल्या बायकांचे असतात असं वाचलं, आपल्याकडे काळे मणी कसे तसंच काहीसं. मसाई मार्केटमध्ये तिघींना विचारलं, दोघी म्हणाल्या आता कोणीही घालतं, तिसरी नुसती हसली. सहकारी म्हणतो हे बायकांनाच कळतं, आणि त्याच्या आईला फक्त मा (मसाईंची भाषा) येते, त्यात मुलाकरवी विचारलं तर भेट आवडली नाही असं वाटेल याची मला फार धास्ती आहे. इतक्या मायेने दिलंय त्यांनी.

मसाई घरांशी जवळचा संबंध असलेल्या कोणी सांगाल का, असा हार लग्न न झालेल्या मुलीने त्यांच्याच लग्नात घातला तर बायकांना खटकेल, की मोठ्या बाईने स्वतःचा दिलाय म्हणजे न घालणंच जास्त वाईट दिसेल?